दाताची दुसरी फेरी

(कार्यकर्ता मेळाव्यात आरोग्य सेविका, वसतिगृहांच्या गृहमाता आणि मंडळीतील स्वयंसेवक यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्य’ एवढेच छापले आहे. सिकलसेलवर, कुपोषणावर, बाळंतपणावर माझ्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या बहिणी इथे बसल्या आहेत. म्हणून ज्यावर आपण कधीच बोलत नाही त्यावर मी बोलणार आहे. दातांवर. हसू नका. दाताने कोणी मरत नाही, असे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणत आले. त्या वाक्याचे काय झाले ते पुढे सांगते.

आधी माझी स्वतःची गोष्ट. उजवीकडची खालची दाढ मी तेरा महिने दुखत ठेवली होती. डाव्या बाजूने जेवायचे, थंड पाणी प्यायचे नाही, पर्समध्ये गोळी. गावोगाव फिरून लोकांना “दुखणं अंगावर काढू नका” असे सांगणारी मीच. ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना दुःखाच्या प्रश्नावर मी पंचवीस पानांचा निबंध लिहिला होता. रात्री दोन वाजता दाढ ठणकायला लागली की त्यातले एक पान आठवत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. तेव्हा फक्त भिंतीला गाल लावून बसता येते, कारण भिंत गार असते.

मग एक दिवस दुखायचे थांबले. मी देवाचे आभार मानले, रविवारी उपासनेत उभे राहून साक्षही दिली. दोन महिन्यांनी गाल सुजला तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितले की दाढ बरी झालीच नव्हती, आतली नस मेली होती. दाताचे वरचे पांढरे कवच निर्जीव असते, त्याला किडीचे दुखत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड-गोड झिणझिणते. नसेपर्यंत पोचली की रात्र काढणे कठीण होते. नस मेली की दुखणे थांबते, आणि पू मात्र मुळाच्या टोकाशी साचत राहतो. ती साक्ष मी परत घेतली नाही, पण तेव्हापासून साक्ष द्यायची थोडी थांबून देते.

मी का थांबले होते, तर दोन कारणे. सुईची भीती आणि पैसे. आपल्या पाड्यांवरच्या बहिणी-भावांची कारणेही हीच आहेत, फक्त त्यांच्याकडे पर्समधली गोळीही नसते. तिथे लवंग असते, ती ठीक आहे, लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरपणा येतो. पण बिब्बा लावतात, त्याने हिरडी भाजते. काही जण मेडिकलमधून गोळी आणून ती गिळायच्या ऐवजी दाताशी दाबून धरतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी अशी धरली तर तिथली कातडी पांढरी पडून सोलते. तंबाखूची चिमूट दाबतात. बायका मशेरी लावतात, आणि दाताला आराम पडतो म्हणून दिवसातून चार वेळा लावतात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी मोलगीच्या बाजारात पोरांच्या खिशात काय असते ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या कितीतरी पोरांचे तोंड नीट उघडत नाही. ज्याच्या तोंडात दोन बोटे उभी जात नाहीत, त्याच्या अक्कलदाढेपर्यंत डॉक्टर पोचणार कसा?

आता भीतीबद्दल. भीती खोटी आहे, असे रुग्णाला कधीच सांगू नका. “काही दुखत नाही हो” म्हणून आपण माणसाला खुर्चीवर बसवतो, सुई टोचते, आणि तो पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवत नाही. खरे काय ते सांगा. सुई टोचते आणि औषध जाताना दाब जाणवतो. भुलेच्या औषधात बरेचदा अ‍ॅड्रेनालिन असते, त्याने एखाद-दोन मिनिटे छाती धडधडते. ते माहीत नसेल तर माणूस घाबरून उठतो. मग ओठ जड होतो, आपला नाही असा वाटतो. दाढ काढताना दुखत नाही, पण ओढल्याचे कळते, कटकट आवाज होतो, आणि तो आवाज कवटीत घुमतो. मशीनच्या आवाजाचे तसेच. दुखले तर डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबतील, हे आधीच ठरवून घ्यायचे. माझ्या डॉक्टरबाईंनी मला हे सांगितले आणि मी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा हात वर केला. दोनदा खरोखर दुखले नव्हते, त्या थांबतात की नाही हे मी पाहत होते. त्या थांबल्या. त्यानंतर मी हात खाली ठेवला.

आणखी एक गोष्ट खुर्चीवर बसल्यावर कळते, पण आधी कळायला हवी. गाल टम्म सुजलेला, पू भरलेला असताना भूल नीट चढत नाही. आपले लोक नेमके त्याच दिवशी जातात. मग खूप दुखते, आणि गावात जाऊन सांगतात की भुलेची सुई काही कामाची नाही. लवकर गेले तर कमी दुखते, हे म्हणून खरे आहे. “गोळ्यांचा कोर्स घ्या आणि चार दिवसांनी या” असे डॉक्टर सांगतात ते याच कारणाने. त्या गोळ्यांनी सूज उतरते, दात बरा होत नाही. पण सूज उतरली की लोक म्हणतात, गोळीनेच बरे झाले, आता कशाला जायचे? हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

खर्चाचे आता. माझ्या दाढेला तालुक्याच्या गावी मला सांगितले ते असे: रूट कॅनलचे 3,500 आणि वर कॅप 3,000. साडेसहा हजार. काढून टाकायची तर 400. मला पगार आहे, मी दोन हप्त्यांत दिले. पण मग मी आपल्या एका बहिणीसाठी, तिची माणसे ज्या पद्धतीने हिशेब करतात त्या पद्धतीने, कागदावर हिशेब मांडला. रूट कॅनल आणि कॅप मिळून चार फेऱ्या. ती एकटी जात नाही, सोबत नवरा किंवा भाऊ. एका माणसाचे जायचे-यायचे 120 रुपये, दोघांचे 240, चार फेऱ्यांचे 960. एसटीत आम्हा बायकांना अर्धे तिकीट आहे, पण घाटात वेळेवर मिळते ती काळी-पिवळी, आणि तिच्यात सवलत नाही. दोघांची मजुरी बुडाली, 300 धरा, दिवसाचे 600, चार दिवसांचे 2,400. एकूण 9,860. म्हणजे आपण निधीतून डॉक्टरची पूर्ण फी भरली, तरी त्या घराच्या खिशातून तीन हजारांच्या वर जातात. आपल्या वहीत मात्र ‘उपचार पूर्णपणे मोफत’ असे लिहिले जाते.

हा हिशेब मला आधी सुचला नाही. सुचला त्याचे कारण सांगते. हे सांगायचे की नाही यावर मी प्रार्थना केली आहे, आणि सांगायचे ठरवले आहे.

गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, आपल्या निधीतून आपण आठ जणांचे रूट कॅनल सुरू केले. निवड मी केली होती. पैसे मी नेऊन भरले. पहिल्या फेरीत डॉक्टर दात उघडतात, नस काढतात, औषध ठेवतात आणि वर तात्पुरते सिमेंट लावतात. त्या फेरीनंतर दुखणे थांबते. आठही जण खूश. डिसेंबरच्या अंकात, आपल्याच या पत्रिकेत, ‘आठ बांधवांवर दंतोपचार’ असे छापून आले. मजकूर मीच लिहून दिला होता.

दिवाळी झाली आणि त्यातले पाच जण गुजरातला ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ट्रक ठरलेल्या दिवशी येतो, तो कोणाच्या दातासाठी थांबत नाही. आणि थांबायचे तरी कशाला? दुखत तर नव्हते. तात्पुरते सिमेंट तात्पुरतेच असते. काही आठवड्यांत झिजते, निघून जाते, आणि उघडा दात तोंडातली सगळी घाण आत घेतो. भोंगऱ्या बाजाराला लोक परत आले तेव्हा मी एकेकाला भेटले. दोघांच्या दाढा उभ्या चिरल्या होत्या, ठेवण्यासारखे काही उरले नव्हते, काढाव्या लागल्या. दोघांचे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

पाचव्याचे असे झाले. थळात असताना जबड्याखाली सूज आली. मुकादमाने तीन वेळा गोळ्या आणून दिल्या. सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलली गेली. श्वास घेताना घरघर लागली तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेले. तिथे मानेला चिरा देऊन पू काढला. अकरा दिवस भरती. तो वाचला, देवाची कृपा, आज वीतभर व्रण घेऊन आपल्यात आहे. पण कोयता जोडीचा असतो. नवरा आजारी म्हणजे बायकोचेही काम बंद. उचल फिटली नाही, ती पुढच्या हंगामावर चढली. थोरली मुलगी आपल्या वसतिगृहात सातवीत होती. पुढच्या दसऱ्याला ती आईबापांबरोबर तोडीला गेली. गृहमाता ताई इथे आहेत, त्यांनी ती जागा दोन महिने रिकामी ठेवली होती.

आपण काहीच केले नसते, साधी चारशे रुपयांची दाढ काढून दिली असती, तर हे घडले नसते. हे मी स्वतःला बरेच वेळा सांगितले आहे. दाताने कोणी मरत नाही, हे वाक्य मी तेव्हापासून बोलत नाही.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर मी किती वेळा बोलले असेन. नेहमी तेल आणि द्राक्षारस, जखमा बांधणे, आपल्या जनावरावर बसवणे यावर. यंदा तो भाग वाचताना मला पहिल्यांदा नीट दिसले की तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, पुढचा खर्च आपल्या अंगावर घेतो, आणि मी परत येताना भरीन असे सांगतो. त्याने दुसरी फेरी आधीच ठरवलेली होती. मी फक्त तेल ओतून, पत्रिकेत नाव छापून मोकळी झाले होते.

तर आता आम्ही काय करतो ते सांगते. रुग्णाला पहिला प्रश्न ‘कुठे दुखते’ हा नाही. ‘तुम्ही तोडीला कधी जाणार, किती उचल घेतली’ हा आहे. जायला दोन महिने आहेत, तर रूट कॅनल करू, पण कॅपसह. कॅपशिवाय दाढ सोडायची नाही, नस काढलेली दाढ ठिसूळ होते, भाकरी चावतानाही चिरते. दोन आठवडे उरले असतील तर डॉक्टरांना सरळ विचारतो, एकाच बैठकीत होईल का? काही दातांना होते. सूज-पू असेल तर डॉक्टर नाही म्हणतात, आणि मग आम्ही दाढ काढून घेतो. हे मला आधी कमीपणाचे वाटायचे. शहरातल्या माणसाची दाढ वाचवायची आणि आदिवासी माणसाची उपटायची, हा कुठला न्याय, असे मी एका बैठकीत तावातावाने बोलले होते. प्रश्न अजूनही बरोबर आहे. पण अर्धे सोडलेले रूट कॅनल हे त्याचे उत्तर नाही. समोरच्या दातांसाठी मात्र मी अजून भांडते. एकोणीस वर्षांच्या मुलीचा पुढचा दात स्वस्त पडतो म्हणून काढू देणार नाही. तिला आयुष्यभर पदर तोंडाशी धरून हसायला लागू नये, एवढ्यासाठी निधी खर्च झाला तर होऊ द्या.

पैसे वाचवायच्या जागा आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे, 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य आहेत का, कोणत्या वारी बसतात, हे आधी फोन करून विचारा. नुसते जाऊन परत येण्यात एका घराचे आठशे रुपये जातात, ते आपण आत्ताच मोजले. आरोग्य योजनेच्या कार्डावर भिस्त ठेवू नका, ते मुख्यतः भरती करून करायच्या उपचारांसाठी आहे, दात भरायला ते चालत नाही. दंतमहाविद्यालयात फी कमी पडते. तिथे शिकणारी मुले हात चालवतात, वर शिक्षक उभे असतात. वेळ मात्र दुप्पट लागतो. आपल्याला धुळे जवळ. जवळ म्हणजे मोलगीहून दीडशे किलोमीटरच्या वर, पण पाच जण एका गाडीत गेले आणि एकाच दिवसाच्या वेळा घेतल्या तर परवडते.

जाताना डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी विसरू नका: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ होण्याची गोळी, पोटात बाळ असेल तर ते, आणि सिकलसेल असेल तर त्याचे कार्ड आधी समोर ठेवायचे. दाढ काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. त्या दिवशी थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, तंबाखू नाही, दारू नाही. खड्ड्यात जी रक्ताची गाठ बसते ती निघाली तर तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून. आणि ओठाचा बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही देऊ नका. लहान मुले तो ओठ चावून रक्त काढतात, लक्ष ठेवा.

जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, यांतले काहीही दिसले तर दातांच्या डॉक्टरची वेळ घ्यायची नाही. 108 ला फोन करायचा आणि थेट मोठ्या दवाखान्यात. कोणत्याही थळावर जाणाऱ्या कुटुंबाला हे चार शब्द पाठ करून पाठवा. मुकादमांनाही सांगा. मी तिघांना सांगितले, दोघांनी ऐकून घेतले.

गृहमाता तायांना एक वेगळी विनंती. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटते की तीही दुधाचीच, किडली तर किडली, पडेल. ती पडत नाही, ती जन्माची असते, आणि आपल्या वसतिगृहांत सर्वात आधी तीच किडते. पहिली-दुसरीतल्या मुलांची तोंडे महिन्यातून एकदा उजेडात उघडून पाहा. काळा ठिपका दिसला तर त्याच वेळी भरून घेतला की एका फेरीत आणि थोड्या पैशांत भागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा वजन-उंचीवर थांबू देऊ नका, दात त्यांच्या यादीत आहेत, यादी करून हातात द्या. लाल दंतमंजन बंद करा, ते घासते. फ्लोराइड असलेली पेस्ट, वाटाण्याएवढी, रात्री झोपण्यापूर्वी. देणगीदार चॉकलेटचे डबे पाठवतात तेव्हा त्यांना ब्रश मागायला लाजू नका. मी आता मागते.

पत्रिकेच्या संपादकांशी माझे बोलणे झाले आहे. यापुढे दंतोपचाराचा आकडा कॅप बसल्यावर किंवा जखम भरल्यावरच छापायचा. यंदाच्या अंकात तो आकडा लहान दिसेल. तीन आहे.

धुळ्याची गाडी पुढच्या मंगळवारी पहाटे पाचला निघेल. पाच जागा आहेत, चार नावे आली आहेत. या चौघांच्या दुसऱ्या फेरीचा मंगळवारही ठरला आहे, गाडीवाल्याला त्याचेही पैसे दिले आहेत. पाचवे नाव कोणाकडे असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला सांगा, आणि त्यांना निरोप द्या की उपाशीपोटी यायचे नाही. भुलेची सुई घेण्याआधी भाकरी खाऊन यायचे, नंतर दोन-तीन तास काही चावता येणार नाही.